घरी सोलर पॅनल बनवायचा संच: एका ब्लाउजवालीचा हिशेब

मुंबईत ग्रँट रोड स्टेशनजवळच्या लॅमिंग्टन रोडवरून फेब्रुवारीत सोलर सेलचा संच आणला, मार्चअखेर पॅनल पत्र्यावर चढलं आणि आता एक पावसाळाही काढून झाला. म्हणून लिहिते. पाचपैकी अडीच तारे. सेलना चार, पैसे वाचवायच्या कल्पनेला एक.

मी भांडुपला बैठ्या चाळीत राहते, घरीच ब्लाउज शिवते. मशीनची मोटर, पंखा, दिवा सकाळी नऊपासून चालू. बिल शंभर युनिटांच्या पुढे गेलं की दर चढतो, आणि माझं दर महिन्याला जातंच. मोबाइलवर एक मुलगा सेलला सेल जोडून पॅनल करताना पाहिला. म्हटलं, हे तर फॉल-बिडिंगसारखंच नाजूक काम, मजुरी आपलीच.

दुकानदाराने आधीच विचारलं होतं, "ताई, शिकायचंय की बिल कमी करायचंय?" मी म्हटलं, दोन्ही. मागे भिंतीला टेकवलेलं १६० वॅटचं तयार पॅनल त्याने दाखवलं, ६,२०० रुपये. मी धड बघितलंही नाही. ४० सेल मोजून घेतले.

सेल म्हणजे सहा इंची चौकोन, जाडी वहीच्या दोन पानांइतकी. एक सेल अर्धा व्होल्ट देतो, म्हणून १२ व्होल्टची बॅटरी भरायला ३६ सेल एका माळेत ओवायचे. चार जास्तीचे, फुटतील म्हणून. खोका मांडीवर घेऊन ग्रँट रोड ते दादर, दादर ते भांडुप आले. घरी उघडला तर दोन तडकलेले. थर्माकोलचा एक तुकडा वर, एक खाली, मध्ये साधा कागदसुद्धा नाही. दुकानाने हात वर केले.

डाग द्यायला, म्हणजे सोल्डरिंग करायला, बसल्यावर कळलं की कापड बरं. कापड दाबलं तरी सहन करतं. सेलची निळी बाजू ऋण, पाठ धन. एकाच्या निळ्या बाजूची धातूची पट्टी पुढच्याच्या पाठीला जोडायची, फ्लक्स (डाग नीट धरावा म्हणून लावायचा पदार्थ) लावून, डागणी नुसती फिरवत. पहिल्या संध्याकाळी तीन फुटले. पुन्हा ग्रँट रोड, पाच सेल आणखी. चौथ्या दिवशी मात्र हात बसला, आणि ३६ सेलची माळ उन्हात धरून, बॅटरी न जोडता (तेव्हा सेल अर्ध्याहून जरा जास्तच दाखवतो) मल्टिमीटर लावला तेव्हा २१ व्होल्ट! आमचे हे, जे "कशाला हा उपद्व्याप" म्हणत होते, तेच शेजाऱ्यांना बोलावून आकडा दाखवत होते.

काचेचं एक सांगते, कोणी सांगत नाही. टफन्ड काच एकदा तापवून झाली की कापता येत नाही, माप आधीच पक्कं द्यावं लागतं. माझं पॅनल ५८ बाय २६ इंच. शिवणाच्या ६० इंची टेपनेच मोजलं, आणि शिलाईला सोडतो तसा कडेला अर्धा इंच सोडला, म्हणून चौकटीत बसलं.

खरी फसगत पुढे. कारखान्यात काच, ईव्हीए (तापवलं की वितळून चिकटणारा प्लास्टिकचा पातळ थर), सेल, परत ईव्हीए आणि मागची शीट हे सगळं हवा काढून सुमारे दीडशे डिग्रीला एकजीव करतात. माझ्याकडे इस्त्री. मागून इस्त्री फिरवली, ईव्हीए वितळलंही, पण आतली हवा कुठे जाणार? कोपऱ्यात बुडबुडे राहिले. जुलैत त्याच बुडबुड्यांत ओल शिरली आणि पट्ट्या काळ्या पडायला लागल्या. मार्चमध्ये भर दुपारी बॅटरीत ७ अँपिअर जात होते, ऑक्टोबरच्या लख्ख उन्हात ५ जातात. आणि शेजारच्या शेवग्याची सावली चारनंतर नुसत्या दोन सेलवर आली की सगळं ठप्प. डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारा छोटा भाग, ती अर्धी माळ वगळून वाट काढतो, पण उरलेल्या १८ सेलच्या ९ व्होल्टने १२ ची बॅटरी काय भरणार!

आता पैसे. सेल ३,६००, पट्टी आणि फ्लक्स ६५०, काच १,३००. चौकट, ईव्हीए, मागची शीट, जंक्शन बॉक्स, सिलिकॉन मिळून २,३००. एकूण ७,८५०. तयार पॅनल ६,२००ला होतं, आणि त्याला २५ वर्षांची हमी. कंट्रोलर (बॅटरी बेताने भरू देणारा डबा) आणि बॅटरी घरच्या जुन्या होत्या, त्या धरल्याच नाहीत.

मिळालं काय? चांगल्या उन्हाच्या महिन्यात १२ युनिट. वरच्या स्लॅबने धरलं तरी वाचतात दोनशे रुपयांच्या आत. मशीन आणि दिवा चालतो, पण इस्त्रीचं नाव काढू नका, तिला हजार वॅट लागतात. बॅटरी चार-पाच वर्षांनी बदलायची वेळ आली की वाचलेलं सगळं तीच खाणार.

पीएम सूर्यघर योजनेचं अनुदान आहे, १ किलोवॅटला ३०,००० आणि ३ किलोवॅटला ७८,०००, पण असल्या घरगुती पॅनलला नाही. तिथे देशी सेलचं मान्यताप्राप्त पॅनल आणि नोंदणी केलेला विक्रेताच लागतो. नेट मीटरलाही, म्हणजे जास्तीची वीज कंपनीला देऊन बिलातून वजा करणाऱ्या मीटरलाही, असलं पॅनल चालत नाही. मुलुंडला नणंदेच्या सोसायटीत लिफ्ट आणि पाण्याच्या पंपासाठी बसवायचं चाललंय. त्यांना मी स्पष्ट सांगितलं, मी पाहिला तसला व्हिडिओ बघू नका, तीन कोटेशनं मागवा.

कोणाला शिकायचंच असेल, शाळेच्या प्रदर्शनाला मुलांकडून करून घ्यायचं असेल, तर संच जरूर घ्या. फक्त जास्तीचे सेल चार नाही, दहा मागा, आणि दुकानातच एकेक उजेडात धरून बघा.

इस्त्रीच्या तळाला चिकटलेलं ईव्हीए अजून निघालेलं नाही. गिऱ्हाइकांच्या ब्लाउजसाठी नवी इस्त्री घ्यावी लागली, ९५० रुपयांची. ती वरच्या हिशेबात नाही, आणि ह्यांनाही अजून सांगितलेली नाही.