काळी गाडी चमकवायची तर: हात की मशीन, वॅक्स की सीलंट की सिरॅमिक?

पांढऱ्या किंवा चंदेरी गाडीवर जे सहज खपून जातं, ते काळ्या, गडद निळ्या किंवा मरून गाडीवर अजिबात खपत नाही. म्हणून गडद गाडीवाले बाटल्यांवर बाटल्या आणतात, आणि तरीही गाडी सावलीत देखणी नि उन्हात केविलवाणी दिसते. बहुतेक वेळा बाटलीत खोट नसते. दुखणं एक आणि औषध भलत्याच गोष्टीवरचं, असा प्रकार असतो.

तेव्हा आधी दुखणं ओळखा. गाडी धुऊन, वाळवून सावलीत लावा आणि मोबाइलचा टॉर्च बॉनेटवर हातभर अंतरावर धरा. प्रकाशाच्या ठिपक्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक वर्तुळं दिसली, तर ते ओरखडे. डिटेलिंगवाले, म्हणजे गाड्या बारकाईने साफ करून चमकवणारे, त्यांना स्वर्ल म्हणतात. टॉर्च सरकवला की वर्तुळंही सोबत सरकतात, कारण हे ओरखडे मुळात गोल नसतातच. ते आडवेतिडवे सगळीकडे पसरलेले असतात आणि त्यांतले ज्यांच्यावर त्या कोनातून प्रकाश पडतो तेवढेच चमकतात. पांढऱ्या गाडीवरही ते तितकेच असतात. विखुरलेला प्रकाश पांढऱ्या पृष्ठभागात हरवून जातो, काळ्यावर उठून दिसतो, एवढाच फरक.

दुसरी तक्रार म्हणजे धुरकट पट्टे, तेलकट डाग, कडेने इंद्रधनुषी छटा. यांची परीक्षा सोपी आहे: स्वच्छ, किंचित ओलसर मायक्रोफायबर फिरवा. पट्टा हलला, फिका झाला किंवा गेला, तर तो रंगावर बसलेला जास्तीचा थर आहे. जागचा हलला नाही, तर तो रंगातला ओरखडा किंवा पाण्यातल्या क्षारांचा मुरलेला डाग.

ओरखडे पॉलिशने जातात, वॅक्सने नाही. पट्टे वॅक्स कमी लावल्याने जातात, जास्त लावल्याने नाही.

झाकायचं की काढायचं?

पॉलिशमध्ये घासणारे अतिसूक्ष्म कण असतात. ते रंगावरच्या पारदर्शक थराचा, म्हणजे क्लिअर कोटचा, वरचा अगदी थोडा भाग उतरवतात आणि ओरखड्याच्या कडा सपाट होतात. हा थर साधारण ३५ ते ५० मायक्रॉनचा असतो. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड धरतात, तेव्हा आपण केसाहून पातळ वस्तूवर काम करतोय हे लक्षात ठेवलेलं बरं. शिवाय ऊन झेलण्याचं कामही याच थराकडे आहे. त्यामुळे दर महिन्याला पॉलिश ही हौस नाही, उधळपट्टी आहे. एकदा नीट करा आणि मग वर्षभर तरी मशीन कपाटात राहू द्या.

याच्या समोर ग्लेझ आणि क्लीनर वॅक्स. ग्लेझमधली तेलं आणि भरणद्रव्यं ओरखड्यांच्या खाचांत जाऊन बसतात. गाडी तासाभरात लख्ख दिसते आणि थोड्याच धुण्यांत जाळं परत हजर. गाडी विकायला काढली असेल किंवा घरच्या लग्नाला न्यायची असेल, तर ग्लेझ हा पूर्णपणे प्रामाणिक पर्याय आहे. फक्त त्याला दुरुस्ती म्हणू नये. क्लीनर वॅक्स, म्हणजे ‘एकात सगळं’ असलेली बाटली, थोडं घासते, थोडं झाकते, थोडं संरक्षण देते. पांढऱ्या गाडीला मी तीच घ्या म्हणेन. काळ्यावर तिची धाव अपुरी पडते.

हात, डीए की रोटरी?

हाताने पॉलिश करता येतं, पण मर्यादा माहीत असू द्या. दाराच्या मुठीखालचे नखांचे ओरखडे किंवा एखादा छोटा भाग हाताने छान निघतो. अख्खं बॉनेट हाताने करायला गेलात, तर दाब कुठे जास्त, कुठे कमी पडतो, आणि काळ्या रंगावर तो फरक स्वतंत्र पट्ट्यांच्या रूपात दिसतो. तेवढी मेहनत झेपली, तरी निकाल मशीनच्या पासंगाला पुरत नाही.

रोटरी मशीनचं पॅड एकाच आसाभोवती गरगरतं. ते झपाट्याने काम करतं आणि खोल ओरखडे काढण्यात त्याचा हात धरणारं दुसरं मशीन नाही. पण एकाच जागी उष्णता साठते, कडेवर क्लिअर कोट जळून आरपार जाऊ शकतो. नवख्या हातात ते काळ्या रंगावर होलोग्राम सोडतं: उन्हात गाडीभोवती चालताना धुरासारखे सरकणारे लांब पट्टे. स्वर्ल काढायला गाडी दिली आणि होलोग्राम घेऊन परत आली, ही गडद गाडीवाल्यांची नेहमीची रड आहे.

डीए, म्हणजे ड्युअल ॲक्शन मशीन, पॅडला फिरवतंही आणि छोट्या कक्षेत हेलकावेही देतं. एकाच रेषेत सतत घासणं होत नसल्याने उष्णता कमी, होलोग्रामची भीती जवळपास नाही आणि चूक झाली तरी ती हळू होते. पहिल्यांदा करणाऱ्याने दुसरा विचार करू नये. डीएवर रोटरीपेक्षा वेळ दीडपट-दुप्पट लागेल, लागू दे.

डीए वापरताना एक बारीकशी युक्ती फार कामाची. पॅड जिथे चिकटतं त्या तबकडीच्या कडेवर मार्करने एक जाड रेघ ओढा. काम चालू असताना ही रेघ फिरताना दिसली पाहिजे. रेघ थबकली तर पॅड नुसतंच थरथरतंय, काम करत नाही: एकतर तुम्ही जास्त दाबताय किंवा मशीन तिरकं धरलंय. दाब मशीनच्या वजनाहून थोडासाच जास्त पुरतो.

बाकी पद्धत अशी. पॅडवर मटारच्या दाण्याएवढे तीन-चार थेंब, दोन बाय दोन फुटांचा चौकोन, आधी मंद वेगात पसरवून मग वेग वाढवायचा. प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर निम्मी चढली पाहिजे. एकदा आडवं, एकदा उभं. हात घाईने फिरवणं ही सगळ्यांचीच खोड असते. सेकंदाला दोन-तीन सेंटिमीटर इतकाच पुढे सरकवा. चौकोन संपला की पॅड ब्रशने साफ करा. उतरलेला रंग आणि जुनं पॉलिश पॅडमध्ये तसंच राहिलं, तर पुढच्या चौकोनात तेच नवे ओरखडे पाडतं. बॉडीच्या धारदार रेषांवर आणि कडांवर रंग पातळ असतो; तिथे मास्किंग टेप लावा. काळ्या प्लॅस्टिकवरही लावा, कारण त्यात शिरलेलं वाळकं पॉलिश पांढरं पडतं आणि निघता निघत नाही.

सुरुवात नेहमी सौम्य जोडीने: मऊ फोम पॅड आणि फिनिशिंग पॉलिश. एकाच चौकोनावर करून बघा. त्याने ओरखडे गेले, तर कंपाउंडची, म्हणजे जास्त घासणाऱ्या पॉलिशची, बाटली उघडूच नका. नाही गेले, तर एक पायरी वर जा. मात्र कंपाउंडनंतर काळ्यावर हलकं धुकं राहतंच आणि ते काढायला परत सौम्य जोडीवर यावं लागतं. फिकट गाडीला ही शेवटची फेरी टाळता येते, काळीला नाही. आणि प्रत्येक खोल ओरखड्याच्या मागे लागू नका. ज्यात नख अडकतं तो पॉलिशने जाणार नाही. त्याच्या कडा गुळगुळीत झाल्या की तो कमी डोळ्यांत येतो, तेवढ्यावर समाधान मानावं.

काम झालंय की नुसतं तेलाने झाकलंय, हे तपासायला आयसोप्रोपिल अल्कोहोल पाण्यात पातळ करून (१० ते १५ टक्के पुरे) हलकेच पुसा आणि पुन्हा टॉर्च धरा. आता जे दिसतं ते खरं.

वरून काय लावायचं?

इथे बाजारात सर्वांत जास्त आवाज आहे आणि खरं सांगायचं तर चमकीचा मोठा वाटा पॉलिशनेच उरकलेला असतो. वरच्या थराने फरक पडतो तो टिकण्यात आणि लावण्याच्या कटकटीत.

कार्नोबा वॅक्स ब्राझीलच्या ईशान्य भागातल्या एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवरून मिळतं. गडद रंगाला ते जी ऊबदार, ओलसर खोली देतं तिचे चाहते आहेत आणि ते उगाच नाहीत. पण टिकणं काही आठवडे, फार तर दोन-तीन महिने. शुद्ध कार्नोबा ८२ ते ८६ अंश सेल्सियसला वितळतं, पण डबीत त्यासोबत मऊ मेणं आणि तेलंही असतात. उन्हात तापणाऱ्या काळ्या पत्र्यावर तो थर लवकर थकतो. लावताना हात जरा जड पडला की पट्टे ठरलेले. रविवारची सकाळ गाडीसोबत घालवायला आवडत असेल, तर कार्नोबा घ्या. ते काम वाटत असेल, तर नको.

सिंथेटिक सीलंट, म्हणजे वॅक्सचंच काम करणारं कृत्रिम द्रव्य, चार-सहा महिने काढतं, पातळ पसरतं, सहज पुसलं जातं. चमक थोडी काचेरी, कार्नोबाइतकी मुरलेली नाही, असं जाणकार म्हणतात; दहा फुटांवरून कुणाला ओळखता येईल याची मला शंका आहे. काही सीलंट पक्कं होईपर्यंत गाडीला पाणी लागू द्यायचं नसतं, तेवढी सूचना डब्यावर वाचा. उघड्यावर उभी राहणारी रोजच्या वापरातली काळी गाडी असेल, तर माझं मत सरळ सीलंटला. मधूनमधून धुतल्यावर स्प्रे सीलंटचा हात मारला की भागतं.

सिरॅमिक कोटिंग वर्ष-दोन वर्षं आणि चांगलं असेल तर त्याहून जास्त टिकतं. गाडी धुणं सोपं होतं, यात वाद नाही. पण त्याविषयीचे दोन गैरसमज महागात पडतात. पहिला, आता ओरखडे पडणारच नाहीत. जाहिरातीतलं ‘९एच’ हे पेन्सिलच्या शिशाने मोजायच्या कठीणपणाच्या मापातलं आहे; धुळीतला वाळूचा कण त्याला जुमानत नाही. दुसरा, कोटिंगने जुने ओरखडे जातील. उलट, खाली जे असेल ते तसंच बंदिस्त होतं. शिवाय काळ्यावर ते लावणं नाजूक काम आहे. काही मिनिटांत सारखं पुसलं नाही, तर जाड राहिलेल्या जागी गडद, इंद्रधनुषी डाग बसतो आणि एकदा पक्का झाला की तो पॉलिशनेच निघतो. बंद जागा, नीट प्रकाश आणि पहिले २४ तास गाडी कोरडी ठेवण्याची सोय, ही तिन्ही नसतील तर घरी हा उद्योग करू नये.

पट्टे न येऊ देता लावणं

पत्रा हाताला थंड लागला पाहिजे. काळं बॉनेट कोवळ्या उन्हातही चटकन तापतं आणि वॅक्स पसरायच्या आत वाळतं. मग पुसताना ओढाताण आणि पट्टे. थर इतका पातळ लावा की लावलाय की नाही अशी शंका यावी. पुसण्याआधी त्यावरून बोट फिरवा: बोटामागे स्वच्छ वाट पडली तर तयार, फरफट राहिली तर थांबा. दमट हवेत जास्त थांबावं लागतं. पुसायला दोन फडकी, पहिलं थर उचलायला, दुसरं कोरडं शेवटच्या हाताला, आणि दोन्ही चारपदरी घडी घालून सतत नवी बाजू. एकाच भरलेल्या बाजूने पुसत राहिलं की वॅक्स निघत नाही, नुसतं इकडून तिकडे जातं. पट्टा राहिलाच, तर वर आणखी वॅक्स नको. पाण्याचा बारीक फवारा आणि स्वच्छ फडकं.

नुकतीच रंगवलेली गाडी असेल, तर रंगकाम करणाऱ्याला विचारून ३० ते ९० दिवस वॅक्स-सीलंट थांबवा, रंगातली द्रावकं उडायला वाव हवा. मॅट रंगाला यातलं काहीच करायचं नाही.

धुण्याची निवड

बहुतेक स्वर्ल धुताना आणि पुसतानाच पडतात. ब्रश फिरवणारं ऑटोमॅटिक वॉशिंग काळ्या गाडीसाठी बाद. आधीच्या गाडीची रेती त्याच ब्रशमध्ये असते. नुसत्या दाबाच्या पाण्याचं, स्पर्श न करणारं धुणं त्याहून पुष्कळ बरं, जरी चिकट थर थोडा राहतो. घरी करणार असाल तर दोन बादल्या: एक शाम्पूची, एक हातमोजा खळबळायची. वरून खाली या. चाकांचा मोजा वेगळा. आणि कोरड्या गाडीवरची धूळ कोरड्या फडक्याने झटकणं बंद. वर्षभराची पॉलिशची मेहनत त्या एका सवयीपायी वाया जाते.

स्वतः की डिटेलरकडे?

हौस असेल आणि मशीन घेऊन ठेवायला जागा असेल, तर डीए घेऊन स्वतः करा. घाई असेल किंवा जाळं दाट असेल, तर द्या. देताना दर विचारण्याआधी तीन गोष्टी विचारा. रंगाची जाडी मापकाने मोजणार का? शेवटची फेरी कोणत्या मशीनने? आणि गाडी ताब्यात देताना अल्कोहोलने पुसून, टॉर्च लावून एक पॅनल दाखवणार का? तिसऱ्या प्रश्नाला ‘कशाला, चमक दिसतेच आहे’ असं उत्तर आलं, तर तो ग्लेझच लावणार आहे असं समजा.