येरळवाडी तलावावरील पक्षिनिरीक्षण फेरी : एक अभिप्राय

फाल्गुनाच्या सुरुवातीला, पहाटेची थंडी अजून पुरती सरलेली नसताना, मी आणि माझी बहीण खटाव तालुक्यातील येरळवाडी तलावावर एका स्थानिक वाटाड्याच्या पक्षिनिरीक्षण फेरीला गेलो होतो. वडूजहून साडेपाचला निघायचे ठरले होते, पण गाडी सव्वासहाला हलली आणि तांबडे फुटताना पाण्याकाठी असण्याची संधी हुकली. पैसे आगाऊ घेतले असतील तर वेळ पाळायलाच हवी, हे मी त्यांना तिथेच सांगितले.

येरळा नदीवरचा हा जलाशय २०२१ मध्ये मायणीच्या तलावासह पक्ष्यांसाठी संवर्धन राखीव म्हणून जाहीर झाला. उन्हाळा जवळ आला की पाणी मागे सरते, काठचा गाळ उघडा पडतो आणि त्या उथळ पाण्यात रोहित (फ्लेमिंगो) चरतात. वाटाड्याने आम्हाला सूर्य पाठीशी राहील अशा बेताने पूर्वेच्या काठाने नेले, पाण्यापासून बरेच दूर बाभळीच्या आडोशाला बसवले आणि वीस मिनिटे कोणी बोलायचे नाही अशी अट घातली. शेकाटे आणि थापटे हे पाणपक्षी हळूहळू आमच्याच बाजूला सरकू लागले, तेव्हा त्या अटीचे मोल कळले.

तिकाटण्यावरच्या दुर्बिणीतून एक रोहित मी बराच वेळ पाहिला. जागच्या जागी पाय तुडवून तो गाळ ढवळत होता आणि मान खाली घालून, चोच उलटी धरून पाणी गाळून घेत होता. शेजारचे काही पक्षी राखी दिसत होते. ही वेगळी जात असावी असे बहिणीला वाटले, पण ती लहान वयाची पिल्ले होती. गुलाबी रंग खाद्यातील रंगद्रव्यांमुळे सावकाश चढतो, हे वाटाड्याने नीट समजावून सांगितले. पलीकडे गवतात पट्टकादंब हे हंसाच्या कुळातले पक्षी होते. त्यांच्या पांढऱ्या डोक्यामागचे दोन काळे पट्टे स्पष्ट दिसले.

आमच्यातील एका गृहस्थांना उडत्या थव्याचे छायाचित्र हवे होते आणि टाळी वाजवू का, असे त्यांनी विचारले. "नाही साहेब, ते पोट भरतायत. आता हिमालय ओलांडून जायचंय या पट्टकादंबांना, त्यांना उगाच उडवायचं नाही," असे वाटाड्याने शांतपणे, पण ठामपणे सांगितले. गृहस्थ नाराज झाले. माझ्या मते मात्र माणशी सहाशे रुपये देण्याजोगी गोष्ट हीच होती, कारण गिऱ्हाईक दुखावेल या भीतीने पाखरे उठवून देणारेही मी पाहिले आहेत. थोड्या वेळाने एका रोहिताने पिसे साफ करता करता एक पंख पूर्ण पसरला आणि आतला लाल रंग आम्हा सर्वांना दिसला. अग्निपंख हे त्याचे दुसरे नाव का पडले, ते सांगावे लागले नाही.

आठ जणांत मोठी दुर्बीण एकच असल्याने प्रत्येकाच्या वाट्याला वेळ कमी येतो, त्यामुळे स्वतःची दुर्बीण अवश्य न्यावी. परतताना मिळालेली पिठलं-भाकरी गरम होती. पुढच्या पौषात आईला घेऊन जाण्यासाठी आम्ही त्याच वाटाड्याकडे नाव नोंदवले आहे, साडेपाचची वेळ पुन्हा एकदा बजावून.