भरतीला पाहिलेली बोट

12 एप्रिल 2025, शनिवार, हनुमान जयंती. त्या दिवशी सकाळी अकराला मी गोव्यात मांडवी नदीच्या धक्क्याला बांधून ठेवलेली एक 36 फुटी मोटर यॉट पाहिली आणि दुपारी दोनच्या आत तिच्यासाठी 5 लाखांचं टोकन देऊन मोकळा झालो. हे सांगायला लाज वाटते, कारण मी बँकेत 33 वर्षं कर्जाची प्रकरणं तपासली आहेत. कुणाच्या जमिनीचा एक-चौदाचा उतारा, कुणाचं टायटल, कुणाचा व्हॅल्युएशन रिपोर्ट. एखादी सही जरा वेगळी दिसली तर फाईल परत धाडणारा माणूस मी. आणि स्वतःची पाळी आली तेव्हा काय तपासलं? सोफ्याचं कापड. फ्रिज. बाथरूममधला नळ.

फ्लॅट बघतात तशी बोट बघितली. पण फ्लॅटच्या खाली पाणी नसतं.

आमच्या हिचं माहेर मांडवीतल्या दिवाडी बेटावरचं. फेरीबोटीने शाळेत गेलेली मुलगी. निवृत्त झाल्यावर एप्रिल-मे पाण्यावर काढायचे, पाऊस आला की म्हापशाला घरी परतायचं, असं आमचं कितीतरी वर्षांचं बोलणं होतं. मुलं पुण्यात स्थिरावली, ग्रॅच्युइटी हातात आली, आणि बोलण्याचं मनावर घेतलं. जुनी बोट घ्यायची हे आधीच ठरलं होतं. नवी परवडण्यातली नव्हती.

दलाल पणजीतला. बोलायला गोड, ‘साहेब’ आणि ‘वहिनी’ शिवाय वाक्य नाही. मालक मुंबईचा, वापर कमी, 2010 चं मॉडेल, 300 हॉर्सपॉवरची दोन डिझेल इंजिनं, मीटरवर फक्त 640 तास. किंमत 46 लाख, आमच्यासाठी 39. एवढी सूट का, असं मी विचारलंसुद्धा. तो म्हणाला, “साहेब, पावसाआधी बोट वर काढावी लागते. क्रेन, यार्डाचं भाडं, ताडपत्री. मालकाला ती कटकट नकोय.” हे खरंच होतं. बोट वर काढली की काय दिसेल हे मालकाला ठाऊक होतं, तेवढं मात्र सांगितलं नाही.

बघायला जायच्या आदल्या रात्री मी एका ओळखीच्या मिस्त्रींना फोन केला होता. मूळचे शिरोड्याचे, पण हयात गोव्यात गेली. खनिज वाहणाऱ्या बार्जची इंजिनं त्यांनी पंचवीस वर्षं बांधली. 2012 ला खाणी बंद झाल्या आणि बार्ज काठाला लागल्या, तेव्हापासून ट्रॉलरची कामं करतात. त्यांनी फोनवर तीनच गोष्टी सांगितल्या. “भाऊनू, बोट सुकतेक बघूची. भरतेक सगळाच तरंगता.” सुकती म्हणजे ओहोटी. दुसरं, बोटीवर पाऊल टाकलं की आधी इंजिनाला हात लावून बघा. तिसरं, ती पाण्याबाहेर काढून दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका. मी हो हो म्हटलं. मनात आलं, बार्जवाला माणूस, त्याला यॉटमधलं काय कळणार.

अकराची वेळ दलालाने दिली होती. मी संध्याकाळी पाचला येतो म्हटलं तर त्याला जमेना. नंतर मिस्त्रींनी बोटं मोजून दाखवली. कोकणात भरतीची वेळ तिथीच्या पाऊणपटीने काढतात. पौर्णिमा म्हणजे पंधरा, त्याची पाऊणपट सव्वाअकरा. त्या धक्क्यावर सुकतीला बोटी चिखलात टेकतात आणि पाण्याखालची हातभर कड उघडी पडते. आम्ही गेलो तेव्हा उधाणाची भरती होती आणि बोट हंसासारखी डोलत होती.

आत एसी लावलेला, गाणी चालू, कुठल्याशा फुलांचा सेंट मारलेला. इंजिन बटण दाबताच सुरू झालं. धूर नाही, खोकला नाही. मी खूश. जुनं डिझेल इंजिन थंड असताना कसं सुरू होतं, किती वेळ घेतं, पांढरा धूर किती ओकतं, यावरून त्याचं वय कळतं. तासभर तापवून ठेवलेलं इंजिन काहीच बोलत नाही. हात लावला असता तर चटका बसला असता. मी हात लावला नाही. इंजिनाच्या खालचा भाग, ज्याला बिल्ज म्हणतात, तो ताज्या करड्या रंगाने चकचकत होता. मला वाटलं, किती निगा राखलीय! जुन्या बोटीच्या पोटात नवा रंग दिसला तर तो कशावर मारलाय हे आधी विचारावं.

मग फेरी. कॅसिनोच्या जहाजांमधून सावकाश मिरामारपर्यंत आणि परत. इंजिन मिनिटाला 1400 फेऱ्यांच्या वर गेलंच नाही. “नदीत गर्दी असते साहेब, जोरात नेता येत नाही.” पटण्यासारखं होतं. पण नदीच्या आग्वादकडच्या तोंडाबाहेर समुद्रात नेऊन दहा मिनिटं पूर्ण वेगाने पळवा असं म्हणायला कुणी मला अडवलं नव्हतं.

सर्व्हेयर दलालानेच दिला. 14 पानांचा रंगीत अहवाल, शेवटी ‘स्थिती चांगली’. टोकननंतर मी आणखी 29 लाख भरले आणि उरलेले 5 लाख कागद नावावर झाल्यावर द्यायचे ठरले. पैसे दलालाच्या फर्मच्या खात्यात गेले, मालकाच्या नाही. ‘व्यवहार आमच्यामार्फत होतो’ एवढ्यावर एका निवृत्त बँकवाल्याचं समाधान झालं. मुलाला हे कळलं तेव्हा तो बराच वेळ फोनवर गप्प होता.

आता पहिली रात्र. 3 मे. चोडणच्या खारफुटीसमोर नांगर टाकला. उन्हाळ्यात बोटीवर राहण्याची चित्रं थंड देशांतली असतात, हे त्या संध्याकाळी कळलं. दिवसभर तापलेलं फायबर रात्री अकरापर्यंत भट्टीसारखं उष्णता सोडतं. जनरेटर लावला तर आवाज, बंद केला तर घाम, खिडकी उघडली तर डास. तरी हिने सोलकढी आणि तळलेले बांगडे केले, वर डेकवर बसून जेवलो, पलीकडे रायबंदरचे दिवे. ती दीड-दोन तासांची मजा मी नाकारणार नाही.

पहाटे तीनला ही उठली आणि ओरडली, “अहो, पाणी!” पाय घोट्यापर्यंत बुडाला होता. दिवा लागेना. बॅटरी मेली होती.

झालं होतं असं. बोट आत पाणी घेत होती, बहुधा कित्येक महिन्यांपासून. धक्क्यावर असताना किनाऱ्यावरची विजेची तार जोडलेली, त्यामुळे बॅटरी कायम भरलेली आणि आपोआप चालणारा पंप रात्रंदिवस पाणी बाहेर टाकत राहायचा. त्या दिवशी गाणी कशासाठी लावली होती हे आता कळलं. नांगरावर तार नाही. पंपाने सहा-सात तासांत बॅटरी पिऊन टाकली आणि थांबला.

सकाळपर्यंत आम्ही दोघं बादल्यांनी पाणी उपसत होतो. वय तिचं 59, माझं 62. मिस्त्री सहाला होडीतून पेट्रोलवर चालणारा पाण्याचा पंप घेऊन आले. एक शब्द बोलले नाहीत. पाण्याचा थेंब बोटाने जिभेला लावला. खारट. मेमध्ये मांडवी चोडणपर्यंत खारी असते, तेव्हा हे टाकीचं नव्हे, नदीचं पाणी. पंखा फिरवणारा शाफ्ट जिथे बोटीबाहेर जातो त्या ग्लँडमधून थेंब नाही, धार येत होती. पाणी उपसल्यावर ते इंजिनाच्या मागे वाकले आणि एक जुना डिझेल फिल्टर माझ्या हातात दिला. काढून तिथेच कोपऱ्यात टाकलेला. फिल्टर बसवताना मिस्त्री लोक त्यावर मार्करने तास लिहितात. लिहिलं होतं 2910. मीटर सांगत होता 640. मीटर बदलायला दोन स्क्रू लागतात.

तिथून बोट झुवारीच्या काठावरच्या एका यार्डात न्यायची ठरली, कुंभारजुव्याच्या खाडीतून. पावसाळ्यात आग्वादचं तोंड बंद झालं की बार्ज जायच्या त्याच वाटेने. मिस्त्रींनी वाटेत मुद्दाम इंजिन 2200 फेऱ्यांवर नेलं आणि चार मिनिटांत तापमानाचा काटा लाल पट्ट्यात. उरलेली वाट एका ट्रॉलरच्या दोराला बांधून. त्या खाडीत मगरी आहेत, ही काठाकडे बघत म्हणाली, “निदान त्या फसवत नाहीत.”

16 मेला बोट क्रेनच्या पट्ट्यांवर पाण्याबाहेर आली. मी तिचा तळ तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

तळाला देवीचे व्रण असावेत तसे फोड. मिस्त्रींनी एक फोड चाकूच्या टोकाने फोडला, चिकट पाणी गळलं आणि व्हिनेगरचा वास आला. फायबरच्या आत पाणी मुरून रेझिन सडतं तेव्हा असंच होतं. मग त्यांनी छोट्या हातोडीने सगळीकडे टकटक केलं. चांगल्या जागी खणखणीत आवाज, सडलेल्या जागी ओल्या पुठ्ठ्यावर मारल्यासारखा. कान देऊन ऐकलं तर मलासुद्धा फरक कळत होता. ज्याला बोटीतलं काही कळत नाही त्यालाही कळेल. धातू वाचवण्यासाठी लावतात त्या जस्ताच्या वड्या पूर्ण झिजून नुसते बोल्ट उरले होते. जस्त संपलं की पाणी दुसऱ्या धातूला खातं. टॉयलेटसाठी नदीचं पाणी आत घेणारी पितळी तोटी गुलाबी पडली होती, म्हणजे पितळेतलं जस्त निघून नुसतं तांबं उरलेलं. मिस्त्रींनी तिला हातोडीचा हलका टोला दिला आणि ती बिस्किटासारखी तुटली. आमच्या पलंगाच्या बरोबर खाली होती.

मागच्या बाजूला उजवीकडे बोटीच्या नावाचं मोठं स्टिकर होतं. ते सोलल्यावर बांधणीचा क्रमांक सापडला. या क्रमांकाचे शेवटचे दोन आकडे मॉडेलचं साल सांगतात. तिथे 02 होतं. आठ वर्षं स्टिकरखाली गेलेली.

त्या रात्री घरी सर्व्हेयरचा अहवाल पुन्हा काढला. दुसऱ्या पानावर, बारीक अक्षरात, इंग्रजीत: तपासणी बोट तरंगत असताना केली, पाण्याखालचा भाग पाहिलेला नाही. तो माणूस खोटं बोललाच नव्हता. मी वाचलं नव्हतं.

यार्डाने बोट वर घ्यायचे 38 हजार घेतले. इंजिन ऑइलचा नमुना प्रयोगशाळेत तपासून मिळतो, त्याला त्याहून कितीतरी कमी लागतात. हे दोन्ही खर्च एप्रिलमध्ये स्वतःच्या खिशातून, स्वतःच्या माणसाकडून करून घेतले असते तर 34 लाख वाचले असते. विकणारा ‘वर काढू देणार नाही’ म्हणाला असता, तर तेही उत्तरच होतं.

कागदांचं थोडक्यात सांगतो, नाहीतर माझं रक्त तापतं. कॅप्टन ऑफ पोर्ट्सच्या कचेरीत नोंद एका कंपनीच्या नावे निघाली, सर्व्हे सर्टिफिकेट संपलेलं. बोट परदेशी बांधणीची, म्हणजे ती भारतात आणताना कस्टम्स भरल्याचं बिल ऑफ एंट्री हवं. ते कुणाकडेच नाही. मालकाला शोधून काढलं तर तो म्हणाला, मला दलालाकडून 19 लाखच मिळालेत, उरलेले आल्याशिवाय मी सही करणार नाही. म्हणजे 34 लाख भरून बोट माझी नाही, आणि यार्डाचं भाडं मात्र माझं. पोलिसांत तक्रार दिली आहे, कलम 318, ज्याला आपण अजून चारशेवीसच म्हणतो. वकील म्हणतात, पैसे मालकाच्या खात्यात गेले असते तर निम्मी लढाई सोपी झाली असती.

दुरुस्तीही अडली. तळ सोलून आधी पूर्ण वाळवावा लागतो, मगच नवे थर चढवता येतात. त्या वर्षी 24 मेला पाऊस केरळात पोचला आणि त्याच आठवड्यात आमच्याकडे. गोव्याच्या पावसाळ्यात चादर वाळत नाही, तिथे बोटीचा तळ काय वाळणार! ती लाकडी ठोकळ्यांवर निळ्या ताडपत्रीखाली उभी राहिली. कांदोळीच्या किनाऱ्यावर रुतलेलं रिव्हर प्रिन्सेस जहाज आम्ही दहा वर्षांहून जास्त काळ बघत आलो होतो. घरात आता बोटीचं नाव तेच पडलं आहे.

ऑक्टोबरमध्ये, पाऊस सरल्यावर, दलालाचा फोन आला. तक्रारीचा विषय नाही, माफी नाही. “साहेब, सीझन सुरू झालाय. बोट काढायची असेल तर बेळगावचं एक गिऱ्हाईक आहे. यार्डातून पाण्यात घ्या, खाली थोडा रंग मारू. तारीख मी भरती बघून सांगतो, आणि इंजिन सकाळी तासभर चालवून ठेवायला माझा पोरगा येईल.”

मी विचार करतो म्हणालो. माझ्या फोनवर प्रत्येक कॉल आपोआप रेकॉर्ड होतो. ते 4 मिनिटांचं रेकॉर्डिंग दुसऱ्या दिवशी वकिलांकडे दिलं.