जुन्या जीपचं ऑइल काढायला काय घ्यावं: रिंग पाना, गोटी (सॉकेट), चौकोनी की (चावी) का सरळ पंप?

पावसाळा संपला की कर्जत-मुरबाड साइडला चिखल तुडवून आलेल्या जुन्या फोर-बाय-फोरवाल्यांचे दोन प्रश्न ठरलेले असतात, ऑइल कुठलं टाकू आणि आधीचं काढायला पाना कुठला घेऊ. पहिल्यावर सगळे तासभर भांडतात. दुसऱ्यावर मात्र कोणी बोलत नाही आणि मग ऑनलाइन एक मोठा चकचकीत सेट मागवला जातो ज्यातली एकही की गाडीला धड बसत नाही.

आधी खाली वाकून बघा की तुमच्या गाडीला ड्रेन प्लग, म्हणजे ऑइल काढायचं तळाचं बूच, आहे कसला. इंजिनच्या चेंबरला बहुतेक वेळा साधा षट्कोनी डोक्याचा नट असतो. गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा डबा) आणि एक्सलच्या हौसिंगला कधी बाहेर आलेलं चौकोनी डोकं असतं, कधी आत चौकोनी खड्डा, कधी ॲलन कीचा षट्कोनी खड्डा. आणि जुनी गाडी चार मालकांच्या हातून आलेली असेल तर मॅन्युअलमध्ये काय लिहिलंय त्याला फार अर्थ नाही, कुणीतरी कधीतरी मिळेल तो प्लग ठोकलेला असतो.

आता माप, खरी गंमत इथेच आहे. जिप्सी सुझुकीची, म्हणजे सगळा मिलिमीटरचा कारभार. महिंद्राच्या जुन्या जीपचं तसं नाही, खालचा सांगाडा आणि एक्सल विलीजच्या (मूळ अमेरिकन जीपच्या) घराण्यातले म्हणजे इंचातले, आणि एमएम ५४० सारख्या गाडीत वर इंजिन प्यूजोच्या डिझाइनचं, म्हणजे मिलिमीटरचं. एकाच गाडीखाली दोन मापं. ३/८ इंच म्हणजे ९.५३ मिमी, तिथे १० ची की आत जात नाही आणि ९ ची फिरते. १/२ इंच म्हणजे १२.७, तिथे १३ जात नाही आणि १२ कोपरे खाते. ३/४ इंच मात्र १९.०५ आहे त्यामुळे १९ चा पाना जेमतेम चालून जातो, आणि तेवढ्यावरून लोकांना वाटतं की सगळंच चालून जाईल.

खड्डा मोजायच्या आधी साफ करा. डिझेलमध्ये भिजवलेला ब्रश, मग जुन्या स्क्रूड्रायव्हरने कोपऱ्यात बसलेली काळी माती उकरायची, अगदी तळाचा लोखंडी रंग दिसेपर्यंत. माती राहिली तर की अर्धीच आत जाते, वरच्या दोन-तीन मिलिमीटरवर सगळा जोर येतो आणि प्लग गोल. साफ झाल्यावर घट्ट कणकेचा छोटा गोळा आत दाबून अलगद काढायचा, आकार आणि खोली दोन्ही हातात येतात, व्हर्नियर (माप घ्यायचं साधन) नसला तरी दुकानात बोटाने दाखवून सांगता येतं.

षट्कोनी नटापुरता निर्णय सोपा आहे. डी पाना (उघड्या तोंडाचा) दोनच कडा पकडतो, तो राहू दे. रिंग पाना बारा कोनांचा असतो, नट चांगला असेल तर पुरतो. पण कोपरे आधीच झिजलेले असतील तर सहा कोनांची गोटीच घ्या, ती कोपऱ्याऐवजी सपाट बाजूवर दाबते. आपल्या नाशिकच्या टपारियाची साधी गोटीही हे काम वर्षानुवर्षं करते, त्यासाठी परदेशी ब्रँड नको. बाहेर आलेल्या चौकोनी डोक्याला सहा कोनांची गोटी बसतच नाही, बारा कोनांची बसते पण टोकावर धरते, तिथे आठ कोनांची मिळाली तर उत्तम.

चौकोनी खड्ड्याला चार पर्याय आहेत आणि पैसे वाया जातात ते इथेच.

पहिला, घरात असलेला रॅचेट (गोटी फिरवायचा कट-कट वाजणारा दांडा) किंवा त्याचं एक्स्टेन्शन. जगभरात गोट्यांचे ड्राइव्ह, म्हणजे दांडा बसतो तो चौकोन, इंचातच, ३/८ आणि १/२, त्यामुळे त्याचं चौकोनी टोक इंचाच्या खड्ड्यात बरोबर बसतं, वेगळा खर्च शून्य. अडचण अशी की त्या टोकाच्या कडा घासलेल्या असतात आणि एका बाजूला छर्रा असतो, म्हणजे उथळ खड्ड्यात पकड कमी. शिवाय जाम प्लग रॅचेटने सोडवूच नका, आतले दात जातात, त्याजागी टॉमी बार (साधा लांब दांडा) लावा. हिशोब बघा, ३० किलोचा जोर १० इंची दांड्यावर दिला तर साधारण ७५ न्यूटन-मीटर होतो, १८ इंची टॉमीवर तोच जोर १३४ च्या आसपास जातो.

दुसरा, ऑनलाइनचा ड्रेन प्लग सेट. डझनभर तुकडे, डबा सुंदर. पण बहुतेक तुकडे मिलिमीटरचे. जिप्सीवाल्यांनी किंवा घरात दोन-तीन वेगवेगळ्या गाड्या असलेल्यांनी विचार करावा, फक्त जुनी जीप असेल तर मी तरी नाही घेणार.

तिसरा, लेथवाल्याकडून करून घेतलेली की. वागळे इस्टेट, रबाळे, तुर्भे, कुठेही एमआयडीसीत छोटं वर्कशॉप मिळतं. चौकोनी बारचा दोन-अडीच इंचाचा तुकडा, मापाला फाइल करून, जुन्या गोटीत वेल्ड केलेला. टोकाला चॅम्फर (कडेचा तिरपा काप) अगदी कमी ठेवा म्हणून सांगा, कारण पूर्ण खोलीत भरीव लोखंड बसतं हाच तर तिचा फायदा. कोणी म्हणेल लेथचा एचएसएस (कडक पोलादाचा) टूल बिट ३/८ चा तयार मिळतो, तोच वापर. माप अचूक आहे खरं, पण तो कडक आणि ठिसूळ, टॉमीखाली तडकला तर तुकडा डोळ्याकडे येतो. साधा बार थोडा पिळला तरी चालेल. जीपला माझं मत या तिसऱ्यालाच.

चौथा, पाइप पाना किंवा छिन्नी-हातोडा. बाहेरचं डोकं आधीच गोल झालं असेल आणि नवीन प्लग हातात तयार असेल तरच. हौसिंग बिडाचं असतं, हातोडा जरा जपूनच.

पंपाचं काय? काही जुन्या एक्सलना खाली ड्रेन प्लगच नसतो, कव्हर उघडा नाहीतर वरच्या भोकातून ऑइल ओढा. तिथे हाताचा सक्शन पंप कामाचा आहे, आणि तोच नवीन ऑइल भरायलाही येतो म्हणून पैसे वसूल. मात्र जाड नळीचाच घ्या. डिपस्टिकमधून इंजिन ऑइल ओढणारे बारीक नळीचे पंप ८०डब्ल्यू-९० सारख्या घट्ट ऑइलला दम टाकतात. आणि पंपाने तळाचा गाळ, लोखंडाचा चुरा तिथेच राहतो. पाण्यातून गाडी काढलीय आणि ऑइल दुधाळ दिसतंय तर पंपावर भागवू नका, कव्हर उघडाच, गॅस्केटचा खर्च सोसा.

पाना कुठलाही असो, पाच-दहा किलोमीटर गाडी फिरवून ऑइल कोमट करा आणि आधी वरचा भरायचा प्लग सोडवा. खालून सगळं काढलं आणि वरचा हललाच नाही तर गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये अडकली, वर सेक्रेटरीचं भाषण फुकट. जुनं ऑइल ओळखीच्या गॅरेजवाल्याच्या ड्रममध्ये, गटारात नको, सगळं शेवटी खाडीतच जातं.

खरेदी ठाण्यात किंवा वाशीत हार्डवेअरवाल्याकडे होऊन जाते, इंचाच्या सुट्या गोट्या नाही मिळाल्या तर मुंबईत नागदेवी स्ट्रीटच्या हत्यारांच्या बाजारात एक चक्कर मारा. जाताना जुना प्लग खिशात ठेवा.

आणि खड्डा अर्धा गेलेला असेल तर पाना शोधत बसण्यापेक्षा प्लगच बदला. भरायच्या भोकाला बाहेर डोकं असलेला चालतो, पुढच्या वेळी रिंग पान्यानेच काम होईल. तळाला मात्र आत खड्डा असलेलाच घाला, बाहेर आलेलं डोकं पहिल्या मोठ्या दगडावर आपटतं. फक्त नळवाल्याच्या दुकानातला प्लग उचलू नका. तो बीएसपी (ब्रिटिश पद्धतीचे आटे), जीपचा एनपीटी (अमेरिकन पद्धतीचे), अर्धा आणि पाऊण इंचात दोन्हीचे आटे इंचाला १४ च, म्हणून सुरुवातीला मस्त फिरतो, पण एकाच्या आट्याचा कोन ५५ अंश आणि दुसऱ्याचा ६०, मग कितीही टेप गुंडाळा, टपकतच राहतो.