घरचा मेल सर्व्हर, अकरा महिन्यांनंतर: टपाल येतं, जाताना अडतं

निकाल आधीच सांगतो, म्हणजे घाईतले लोक मोकळे. घरी मेल सर्व्हर (आपले ईमेल घेणारं आणि पाठवणारं मशीन) जरूर ठेवा, पण त्यावरून थेट मेल पाठवायच्या फंदात पडू नका. मी पडलो. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत सुरू केलं. त्यातले पहिले सात महिने "मेल मिळाला का?" असं लोकांना व्हॉट्सॲपवर विचारण्यात गेले.

सामान साधं आहे. चार जीबीचा रास्पबेरी पाय ४ हा छोटा संगणक, त्याला एसएसडी, आणि राउटर व पाय दोन्ही ओढेल असा छोटा यूपीएस. वर पोस्टफिक्स (मेल घेणं-पाठवणं), डव्हकॉट (मेल साठवणं-दाखवणं) आणि आरस्पॅमडी (स्पॅम गाळणं). आडनावाचं डोमेन, घरातल्या पाच जणांचे पत्ते. सगळं सांगलीतल्या घरी टीव्हीखालच्या कप्प्यात बसलंय. आवाज नाही, विजेचं बिल वाढल्याचं कुणाच्या लक्षातही आलं नाही.

येणाऱ्या मेलबद्दल एक अक्षर तक्रार नाही. जुलैत एकदा सकाळी गेलेली वीज रात्रीच आली. यूपीएसने दोन तासांत मान टाकली होती. तरी एक मेल हरवला नाही, कारण समोरचं दार बंद दिसलं की पाठवणारा सर्व्हर मेल रांगेत ठेवतो आणि पुन्हा पुन्हा येऊन बघतो. सर्व्हर एकमेकांना मेल देतात ते एसएमटीपीचे नियम १९८२ सालचे, तेव्हा पलीकडचं मशीन कायम चालूच असेल असं कुणी गृहीत धरत नव्हतं. त्याचा फायदा आज सांगलीत मिळतो.

आता पाठवणं.

पहिला अडथळा नेटवाल्याकडेच. राउटरवर १००.६४ ने सुरू होणारा आयपी पत्ता (नेटवरचा आकडी पत्ता) दिसला, म्हणजे माझ्यासारख्या अनेक घरांना मिळून बाहेरचा एकच पत्ता. महिन्याला थोडे जास्त पैसे भरून स्टॅटिक आयपी, म्हणजे न बदलणारा स्वतःचा पत्ता, घेतला. मेल यायला लागले, पण बाहेर एकही जाईना. लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीत, नुसतं टाइमआउट. बाहेर जाणारं २५ नंबरचं पोर्ट, म्हणजे सर्व्हर एकमेकांना मेल देतात तो दरवाजा, बंद होतं. नेटवाल्या पोराला फोन केला तर म्हणाला, "दादा, यूट्यूब चालतंय ना? मग नेट ओके आहे." त्याचं बरोबर होतं. त्याच्या शंभरातल्या नव्व्याण्णव गिऱ्हाइकांना २५ नंबरचं पोर्ट असतं हे माहीत असायचं कारण नाही. त्याच्या वरच्या माणसापर्यंत पोहोचून ते उघडून घ्यायला तीन आठवडे लागले.

मग पहिला मेल गेला आणि सेकंदात परत आला: ५५०, म्हणजे नकार. कारण स्पष्ट लिहिलं होतं. या पत्त्यावरून आमच्याकडे थेट मेल पाठवायची परवानगी नाही, तुमच्या नेट कंपनीच्या सर्व्हरमार्फत पाठवा.

इथे थोडं थांबतो, कारण पुष्कळ जण इथेच चिडून सोडून देतात. स्पॅमहाउस या स्पॅमविरोधी संस्थेची पीबीएल नावाची यादी आहे. तिच्यात स्पॅम पाठवणारे पकडून ठेवलेले नाहीत. ज्या पत्त्यांवरून थेट मेल निघायचं कारणच नाही, असे पट्टेच्या पट्टे तिच्यात आहेत, मुख्यतः घरगुती जोडण्यांचे, आणि त्यातले बरेच खुद्द नेट कंपन्यांनीच कळवलेले. या वेडेपणाला इतिहास आहे. २००३ च्या सोबिगसारख्या वर्मनी (आपोआप पसरणाऱ्या व्हायरसांनी) घराघरांतले विंडोज पीसी पोखरले आणि ते पीसी मालकाच्या नकळत स्वतःच मेल पाठवत सुटले. घरगुती पत्त्यावरून थेट मेल म्हणजे बहुधा रोगी मशीन, हा अंदाज त्या काळापासून रूढ आहे आणि बहुतेक वेळा तो खरा ठरतो. माझा पत्ता त्या यादीत होता, आणि नियमाप्रमाणे असायलाच हवा होता. स्टॅटिक पत्त्यावर स्वतःचा मेल सर्व्हर असेल तर नाव काढून घ्यायला अर्ज करता येतो. केला, आणि निघालंही.

त्यानंतर पीटीआर. डोमेन माझं, म्हणून नावावरून आकडा काढायची नोंद माझ्या हातात. पण आकड्यावरून नाव सांगणारी उलटी नोंद आकड्याच्या मालकाकडे, म्हणजे नेट कंपनीकडे. ती मिळायला सव्वा महिना. तिच्यावाचून सुटका नाही, कारण फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहूने ती सगळ्याच पाठवणाऱ्यांना बंधनकारक केली आहे, दिवसाला हजारो मेल पाठवणाऱ्यालाही आणि माझ्यासारख्या चार मेलवाल्यालाही. सोबत एसपीएफ (या डोमेनचे मेल कुठून निघू शकतात ती यादी) किंवा डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही) हवंच. मी दोन्ही केलं, वर डीमार्कही (ही तपासणी फसली तर मेलचं काय करायचं ते सांगणारी नोंद) लावलं. ते एका संध्याकाळचं काम. तपासणाऱ्या साइटवर दहापैकी दहा गुण मिळाले, आणि मी बायकोला स्क्रीनशॉट दाखवला.

तो आनंद मावशीने घालवला.

इचलकरंजीच्या मावशीला घराच्या वाटणीचे कागद स्कॅन करून पाठवायचे होते. पाठवले. लॉगमध्ये २५०, म्हणजे समोरच्या सर्व्हरने मेल ताब्यात घेतला. चार दिवसांनी फोन आला, "पाठवतो म्हणालास ना?" मी म्हटलं, पाठवलेत, माझ्याकडे पावती आहे. त्यावर ती जरा गप्प झाली आणि म्हणाली, "मिळाले असते तर मी फोन कशाला केला असता? पोस्टाने पाठव की सरळ." तिच्या मनात काय आलं असेल ते मला कळत होतं. वाटणीच्या कागदांच्या बाबतीत "पाठवलेत" म्हणणारा भाचा हा काही नवा प्रकार नाही. कागद तिच्या स्पॅमच्या खणात पडून होते, आणि तिच्या फोनवर तो खण शोधायला माझी मामेबहीण घरी यावी लागली.

अकरा महिन्यांतला सगळ्यात वाईट अनुभव हाच. परत आलेला मेल बरा, तो निदान कारण घेऊन येतो. स्वीकारून खणात टाकलेल्या मेलचं कुणीच काही सांगत नाही. मावशीच्या मेल सेवेचं पाठवणाऱ्यांसाठी एक पान आहे, तिथे आपली पत कळते म्हणतात. माझे मेल इतके थोडे की ते पान कोरंच राहिलं. पत नाही म्हणून मेल खणात, आणि मेल कुणी उघडतच नाही तर पत बनणार कशी?

दुसऱ्या एका मोठ्या सेवेने तर सरळ सांगितलं की तुमच्या जाळ्याचा काही भाग आमच्या बंदीयादीत आहे. माझा पत्ता नव्हे, पट्टा. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या. इथे वाणही लागला नाही आणि गुणही, नुसता शेजार पुरला. फॉर्म भरला, ठरावीक साच्यातलं उत्तर आलं. परत भरला, तेच उत्तर. एसपीएफ-डीकेआयएम मग कशासाठी, असं मला तेव्हा वाटायचं. दाखला खरा आहे एवढंच त्यातून सिद्ध होतं. दाखला घेऊन आलेला माणूस चांगला आहे की नाही, हे समोरचा त्याच्या गल्लीवरून ठरवतो.

तिसरी सेवा ना हो म्हणायची ना नाही. ४२१, नंतर या. भाचीच्या बारशाचं निमंत्रण बुधवारी पाठवलं. पोस्टफिक्स मुळात पाच दिवस मुकाट्याने प्रयत्न करत राहतो, आणि मेल अडकलाय अशी सूचना आपण सेटिंग बदलल्याशिवाय देत नाही. बारसं रविवारी झालं. निमंत्रण पोहोचलं नाही हे मला सोमवारी कळलं. ती सूचना आधी चालू करा, चार तासांवर ठेवा.

जूनमध्ये शरण गेलो. मेल घरीच येतात, घरीच राहतात, डीकेआयएमची सहीही घरीच होते. फक्त बाहेर जाणारे मेल एका पैसे घेणाऱ्या रिले सेवेकडे (आपले मेल पुढे पोहोचवणारी सेवा) ५८७ नंबरच्या पोर्टवरून लॉगिन करून देतो. पोस्टफिक्समध्ये रिलेहोस्टची ओळ, लॉगिनची फाइल आणि एसपीएफमध्ये एक भर, एवढंच. ज्या पोर्टासाठी तीन आठवडे फोन केले त्याची पाठवायला गरजच उरली नाही. मावशीला आता मेल मिळतात. सल मात्र आहे: आपलं टपाल दुसऱ्याच्या हाती नको म्हणून हा संसार मांडला आणि जाणारं प्रत्येक पत्र दुसऱ्याच्या हातातूनच जातं. ते वाचत नसतील, पण वाचू शकतात. डेटा सेंटरमधला छोटा सर्व्हर भाड्याने घेऊन त्यावरून पाठवणं हा दुसरा मार्ग. मी तो केला नाही, कारण तिथेही शेजारी असतातच, आणि त्यांची पत कशी आहे याची काळजी वाहायला मला पुन्हा फॉर्म भरायचे नव्हते.

ऑगस्टमध्ये म्हापशाच्या मित्राचा व्हॉट्सॲपवर स्क्रीनशॉट आला. त्यानेही घरी सर्व्हर लावला होता, आणि पहिला मेल मोठ्या हौसेने मला पाठवला होता. तो ५५४ असा नकार घेऊन परत गेला होता. नाकारणारा सर्व्हर माझा. स्पॅम आवरावा म्हणून पहिल्याच आठवड्यात मी तीच पीबीएल यादी पोस्टफिक्सला जोडली होती आणि विसरून गेलो होतो. खाली त्याने लिहिलं होतं, "तू पण?"

यादी काढली नाही. ती काढली तर दिवसभर कचरा येतो, करून पाहिलंय. त्याचा एक पत्ता तेवढा हाताने अपवादात घातला.