कानाचं मशीन: 8 महिने रोज वापरल्यानंतरचा अनुभव

मशीन घेऊन आठ महिने झाले म्हणून आता लिहितोय. पहिल्या महिन्यात लिहिलं असतं तर "घेऊ नका, पैसे पाण्यात" एवढंच लिहिलं असतं आणि ते चुकीचं ठरलं असतं. जे कोणी मशीन आणून कपाटात ठेवून बसलेत (माझ्या ओळखीत चार जण आहेत) त्यांच्यासाठी खास लिहितोय, त्यामुळे जरा लांबेल.

आधी माझं सांगतो. वय 57, इचलकरंजी, वडिलांपासून यंत्रमागाचा धंदा. तिशीपर्यंत मी स्वतः माग चालवायचो, नंतरही दिवसाचे सात-आठ तास शेडमध्येच. धोट्याचा साधा माग ज्यांनी ऐकलाय त्यांना सांगायला नको, बारा माग एकदम चालले की शेजारी उभ्या माणसाच्या कानात ओरडावं लागतं. मध्यंतरी मोबाईलवर आवाज मोजायचं अॅप घेऊन बघितलं तर 97-98 डेसिबल दाखवत होतं. मग वाचलं की 85 डेसिबलला आठ तास ही मर्यादा धरतात आणि त्यापुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा करायचा, म्हणजे 88 ला चार तास, 91 ला दोन, असं करत 97 ला फक्त अर्धा तास. आम्ही आयुष्य काढलं त्यात. गावात 1904 पासून माग आहेत, पण कानाचं कुणी बोललेलं मला तरी आठवत नाही, "मागवाल्याला कमीच ऐकू येतं" हे धरूनच चालतात सगळे.

मला वाटायचं बहिरा म्हणजे आवाज बारीक येतो. तसं नव्हतंच. आवाज यायचा, शब्द कळायचा नाही. एका व्यापाऱ्याने फोनवर साठ ताके सांगितले, मी आठ ऐकले आणि आठच पाठवले. तिथून तपासणीला गेलो. कुठला आवाज किती जोरात लावला की ऐकू येतो याचा ग्राफ काढला (हर्ट्झचा आकडा जितका मोठा तितका आवाज तीक्ष्ण), तर 250, 500, 1000 हर्ट्झला जवळपास नॉर्मल, 2000 पासून उतार आणि 4000 ला थेट खड्डा, उजव्या कानात 70 डेसिबल, डाव्यात 75, पुन्हा 8000 ला थोडं वर. ऑडिओलॉजिस्ट मॅडम (ऐकण्याची तपासणी करणाऱ्या) बघूनच म्हणाल्या, "आवाजात काम करता का हो काका?" 4000 चा खड्डा ही आवाजाने गेलेल्या कानाची खूण असते म्हणे.

हे समजून घेतल्याशिवाय मशीनचं काम कळणार नाही म्हणून सांगतो. आतल्या कानात गोगलगायीच्या शंखासारखी अडीच वेढ्यांची नळी आहे, उलगडली तर साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास. तिच्या तोंडाशी बारीक, तीक्ष्ण आवाज पकडले जातात आणि शेवटच्या टोकाला जाड, घुमणारे. आवाजाची लाट या नळीतून कशी सरकते हे शोधल्याबद्दल बेकेशी या शास्त्रज्ञाला 1961 चं नोबेल मिळालं. नळीत केसांसारखे तुरे असलेल्या पेशी असतात, आतल्या रांगेत साधारण साडेतीन हजार आणि बाहेरच्या रांगांत बारा हजार. आतल्या पेशी मेंदूकडे निरोप पाठवतात, बाहेरच्या पेशी हळू आवाज जागेवरच वाढवून देतात. आवाजाच्या माराने आधी सहसा बाहेरच्या जातात, आणि माणसात त्या एकदा गेल्या की परत उगवत नाहीत. पक्ष्यांमध्ये उगवतात, माणसात नाही.

आता साठ आणि आठ. आ, ऊ, म, न, र, ळ हे सगळे खालच्या पट्टीतले, दणकट. स, श, फ, ख, थ हे नुसते हवेचे, अगदी कमी ताकदीचे आणि वरच्या पट्टीत, स तर 4000 च्याही वर पसरलेला. माझा खड्डा बरोबर तिथेच. त्यात साध्या फोनची लाईन पहिल्यापासून 300 ते 3400 हर्ट्झचीच, म्हणजे फोनवर खरा स कुणालाच पूर्ण जात नाही, बाकीच्यांचा मेंदू उरलेल्या खुणांवरून तो भरून काढतो. 1970 मध्ये वॉरन नावाच्या संशोधकाने वाक्यातला एक आवाज काढून तिथे खोकला घातला, तर ऐकणाऱ्यांना शब्द पूर्णच ऐकू आला. आपण सगळेच असं ऐकतो, अर्धं कानाने आणि अर्धं अंदाजाने. माझ्याकडे अंदाजाला आधारच उरला नव्हता, मग मेंदू त्याला जो शब्द सोपा वाटेल तो बसवायचा. घरात बायको "भात घेऊ का" म्हणायची आणि मी हात धुवायला उठायचो, ती चिडायची, आणि हळूहळू ती बोलणंच कमी करत गेली. हे मला फार उशिरा लक्षात आलं.

मशीन घेतलं ते कानामागे बसणारं, बारीक वायर कानात जाते आणि टोकाला छोटा स्पीकर. 16 चॅनेल, 312 नंबरचा सेल, दोन्ही कानांना. कंपनीचं नाव देत नाही कारण मुद्दा तो नाही. पहिल्या दुकानात ग्राफ कॉम्प्युटरला घातला, मशीन जोडलं, बटन दाबलं, "झालं काका" म्हणाले आणि पंधरा मिनिटांत बाहेर. त्या दुकानाबद्दल राग आहे माझा, कारण माझे पुढचे पाच आठवडे त्याच्यामुळे गेले.

ते पाच आठवडे काय होते ते सांगतो. वर्तमानपत्राचं पान उलटलं की कागद कानात फाटल्यासारखा. स्टीलची ताटली ठेवली की दचकायचो. प्लॅस्टिकची पिशवी, नळ, पंखा, स्वतःच्या चपलेचा आवाज, आणि स्वतःचं बोलणं तर हौदात डोकं घालून बोलल्यासारखं. माणसांचं बोलणं मात्र फार सुधारलं नव्हतं. संध्याकाळी डोकं ठणकायचं. चौथ्या आठवड्यात डबीत ठेवून दिलं.

मग सांगलीला दुसऱ्या ऑडिओलॉजिस्ट मॅडमकडे गेलो, भाचीने जबरदस्तीने नेलं. त्यांनी कानात मशीनबरोबर एक केसाएवढी बारीक नळी घातली आणि पडद्यापाशी प्रत्यक्ष किती आवाज पोचतो ते मोजलं. प्रत्येकाच्या कानाची पोकळी वेगळी, त्यामुळे कॉम्प्युटरचा अंदाज आणि खरं पोचणारं यात फरक पडतो. माझ्यात 3000-4000 ला हवं त्यापेक्षा बरंच कमी पोचत होतं आणि खालच्या पट्टीत उगाच जास्त. हे सगळं परत बसवलं, कानातला रबरी टोप बंद होता तो भोकांचा दिला, हौदातला आवाज तिथल्या तिथे गेला. मशीन घ्यायच्या आधी "कानात नळी घालून मोजता का" हे विचारा. नाही म्हणाले तर दुसरीकडे जा. यावर मी ठाम आहे.

त्यांनीच मशीन आत काय करतं ते कागदावर काढून दाखवलं. माईक आवाज घेतो, त्याचे आकडे होतात, चिप ते आकडे सोळा पट्ट्यांत वाटते, प्रत्येक पट्टी तुमच्या ग्राफप्रमाणे वेगळी वाढवते, परत जोडून स्पीकरला देते, आणि हे सगळं सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आत. नुसतं वाढवून भागत नाही. बाहेरच्या पेशी गेलेल्या कानाला हळू आवाज अजिबात येत नाही, पण मोठा आवाज पूर्वीइतकाच मोठा लागतो, मधली जागाच आकसते. नातवंडं कुजबुजली तर काही नाही आणि जरा जोरात बोलली तर "ओरडू नका रे" म्हणायचो, ते याच्यामुळे. म्हणून मशीन हळू आवाज खूप वाढवतं, मध्यम थोडा आणि कुकरची शिट्टी जवळपास तशीच सोडतं. मेलेल्या पेशींचं काम चिप करते असं समजा, फक्त पेशी ते जास्त नाजूकपणे करायच्या.

पण मग कागदाचा आणि पंख्याचा त्रास का व्हायचा? तर ते मशीनचं काम नाही, मेंदूचं आहे. पंखा सगळ्यांच्याच कानात शिरतो, मेंदू तो बिनकामाचा म्हणून मागे सारतो आणि तुम्हाला जाणवत नाही. माझ्याकडे दहा-बारा वर्षं वरच्या पट्टीतलं काही आलंच नव्हतं, त्यामुळे कुठला आवाज सोडायचा हा हिशोबच मोडला होता. मॅडम म्हणाल्या, रोज दहा तास तरी घालायचं, त्रास झाला तरी, कारण मेंदूला माल मिळाला तरच तो निवड करायला शिकणार. मी वही केली. साधारण सातव्या आठवड्यात कागद शांत झाला, दहाव्यात ताटल्या. सेटिंग तेच होतं, बदललो मी. चौथ्या महिन्यात एकदा दुपारी लक्षात आलं की पंखा चालू आहे हे मला बघून कळलं.

बाहेर काही नसताना कानात रातकिडा ओरडायचा तो दिवसा बराच कमी झालाय. आत येणारा माल कमी झाला की मेंदू स्वतःचा व्हॉल्यूम वाढवतो आणि त्यातून तो आवाज येतो असं समजावलं. रात्री मशीन काढलं की असतोच, पण झोप लागते.

आता जे जमत नाही तेही स्पष्ट सांगतो. लग्नाचा हॉल. पंगतीत बसलो की अजूनही समोरच्याचंच कळतं, बाजूचं नाही. मशीनला दोन-दोन माईक आहेत, दोन्हींत आवाज पोचायला जो किंचित फरक पडतो त्यावरून ते समोरचा आवाज धरून मागचा दाबतं, पंख्या-मोटारीच्या एकसुरी आवाजाला हे बरं चालतं. पण गर्दीतला गोंगाटही माणसांच्या बोलण्याचाच असतो आणि त्यातलं मला कोणाचं ऐकायचंय हे मशीनला कुठून कळणार? 1953 मध्ये कॉलिन चेरी यांनी दोन कानांत दोन वेगळी बोलणी ऐकवून बघितलं होतं, माणसं एकावर लक्ष धरू शकत होती आणि दुसऱ्यातलं जवळपास काही सांगता येत नव्हतं. ते निवडणं आत होतं, लक्ष देण्याने होतं. मशीन फक्त समोर आणून ठेवतं. म्हणून हॉलमध्ये मी भिंतीला पाठ करून बसतो आणि तोंडाकडे बघतो. तोंड बघणं आम्हा मागवाल्यांना नवीन नाही, शेडमध्ये आम्ही ओठ आणि हात बघूनच बोलायचो.

दोन्ही कानांना घ्या हे मात्र आवर्जून सांगेन. पैसे वाचवायला मी आधी एकच घेणार होतो. आवाज डावीकडून आला तर डाव्या कानात सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी वेळ आधी पोचतो, तेवढ्या फरकावर मेंदू दिशा काढतो. एक मशीन काढून दोन दिवस बाजारात फिरून बघितलं, गाडीचा हॉर्न कुठून येतोय कळेना, दोनदा चुकीकडे सरकलो. परत तसं केलं नाही.

रोजच्या बारीकसारीक गोष्टी. सेल साधारण सात दिवस जातो, तपकिरी स्टिकर काढल्यावर दोन-तीन मिनिटं उघडा ठेवायचा कारण तो हवेवर चालतो, लगेच झाकण लावलं तर लवकर बसतो. पावसाळ्यात रात्री सिलिका जेलच्या डबीत ठेवायचंच, जुलैत एकदा विसरलो तर सकाळी डावं बंद, वाळल्यावर चालू झालं. कानातला मळ स्पीकरच्या जाळीत बसतो, "मशीन बिघडलं" वाटतं आणि जाळी बदलली की ठीक. फोन थेट मशीनमध्ये येतो ती सोय मला सगळ्यात जास्त आवडली, दोन्ही कानांत एकदम येतं, व्यापाऱ्याचे आकडे आता मी परत विचारत नाही. खर्च मोठा आहे, कबूल. ज्यांना झेपत नाही त्यांनी केंद्र सरकारच्या एडिप योजनेची (दिव्यांगांना अशी साधनं मिळण्यासाठीची मदत) चौकशी करावी, मुंबईत बांद्र्याला अली यावर जंग ही ऐकण्या-बोलण्याच्या अडचणींसाठीची राष्ट्रीय संस्था आहे तिथेही विचारता येईल.

गेल्या महिन्यात परत तपासणी झाली. ग्राफ होता तसाच, 4000 चा खड्डा जागेवर, तो भरणार नाहीच. पण मशीन लावून 25 शब्द ऐकवले तर सुरुवातीला 16 बरोबर आले होते, आता 21. थोडं श्रेय सेटिंगचं, थोडं सवयीचं, कुणाचं किती ते वेगळं काढता येत नाही असं मॅडमही म्हणाल्या. घरात बायको आता पाठमोरी बोलते तरी मी उत्तर देतो. ती परत पूर्वीसारखी स्वयंपाकघरातून गप्पा मारायला लागलीय, हे माझ्यासाठी त्या पाच शब्दांपेक्षा मोठं आहे.

शेडमध्ये शिरताना मी मशीन काढून कानावर मफ (आवाज अडवणारी कानझाकणं) चढवतो. आमच्याकडच्या सहा कामगारांची तपासणी करून आणली. दोघांच्या ग्राफमध्ये 4000 ला खड्डा पडायला लागलाय, त्यातल्या एकाचं वय 26. सगळ्यांना मफ आणून दिले, आधी उकडतंय म्हणून काढून ठेवायचे, मग त्या 26 वर्षांच्या पोराचा ग्राफ भिंतीवर लावला आणि शेजारी माझा. आता सकाळी आल्या आल्या घालतात.