बाबांची १९८५ ची पद्मिनी: घरी दुरुस्त करून अकरा महिने वापरल्यावर

गेल्या चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, बाबांची प्रीमियर पद्मिनी मोटार सहा वर्षांनी रस्त्यावर आली. आता दुसरी चवथ तोंडावर आहे आणि मीटरमध्ये सात हजार किलोमीटर वाढलेत. फोंडा-पणजी आठवड्यातून दोनदा, अधूनमधून मडगाव, एकदा अनमोड घाट चढून बेळगाव. गाडीचा नंबर ‘जीडी’ने सुरू होणारा, गोवा-दमण-दीव एकत्र असतानाचा. वेल्डिंग आणि रंग तेवढा बाहेर दिला; बाकी सगळं मी घराशेजारच्या शेडमध्ये केलं. माझा वेळ आणि पैसा दोनच गोष्टींत गेला, पत्रा आणि करंट (इंजिनात पेट्रोल पेटवणारी ठिणगी), म्हणून त्यांच्याबद्दलच सविस्तर लिहिते.

काही वर्षांपूर्वी बाबांनी एका गॅरेजमध्ये ‘खालचा पत्रा नवा’ करून घेतला होता. मी मॅट उचलून स्क्रू ड्रायव्हर टेकवला तर तो ड्रायव्हरच्या पायाखाली आरपार गेला. भोकांत लांबी (पुट्टी) भरून वर काळा रंग मारलेला. बाबांनी त्या कामाचे पूर्ण पैसे मोजले होते, त्याचा राग मला अजून आहे. पण नुसता नवा पत्रा घालूनही भागलं नसतं. पाणी कुठून येतं ते आधी शोधायला हवं होतं. आई टॉर्च घेऊन आत बसली, मी बाहेरून पाइपने पुढच्या काचेवर पाणी सोडलं. दोन मिनिटांत आई ओरडली, “क्लचच्या वर थेंब!” काचेचं रबर कडक होऊन कोपऱ्यात फाटलं होतं. तिथून पाणी डॅशबोर्डमागून उतरायचं आणि मॅटखालच्या फेल्टमध्ये मुरायचं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर ते फेल्ट सुकतच नाही. तेव्हा आधी रबर बदला, मग पत्रा वेल्ड करा. आणि प्लास्टिकचं कव्हर अजिबात घालू नका. आतली ओल आतच राहते आणि गाडी झाकल्या झाकल्या गंजते.

रंगाचं विशेष काही नाही. मूळचा पांढरा होता, तोच ठेवला.

आता करंट. मार्चपासून गाडी तापली की बंद पडायची, तीही नेमकी बोरीच्या पुलावरून फोंड्याकडे चढताना. वीस मिनिटं थांबलं की काही झालंच नाही अशी सुरू. सगळे म्हणाले, पेट्रोल तापतंय. ते पटण्यासारखं होतं. या गाडीचा एसी पंप, म्हणजे टाकीतलं पेट्रोल ओढणारा पंप, इंजिनलाच लागून असतो. उन्हात पेट्रोलची तिथेच वाफ होते आणि कार्बोरेटर कोरडा पडतो. पंपाला ओलं फडकं गुंडाळलं, पाइप गरम भागापासून लांबून नेला, पंपातला डायफ्राम (पडदा) बदलला, दोनदा कार्बोरेटर खोलून जेट (पेट्रोलची बारीक छिद्रं) फुंकले. गाडी बंद पडतच राहिली.

आमच्या वाड्यावरचे जुने मेस्त्री एवढंच म्हणाले, “आदीं करंट पळय, मागीर पेट्रोल.” (आधी करंट बघ, मग पेट्रोल.) पण शेडमध्ये, गार गाडीत, करंट नेहमी चांगलाच दिसायचा. म्हणून पुढच्या वेळी बोरीला थांबली तेव्हा ती गार होऊ दिली नाही. कुठे पेट्रोल गळत नाही ना ते पाहिलं, डेल्कोच्या (प्लगांना करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या) टोपणातली मधली जाड वायर काढली, रबरी मुठीच्या पकडीत धरून टोक इंजिनपासून पाच मिलिमीटरवर ठेवलं आणि आईला सेल्फ मारायला सांगितला. ठिणगी पिवळट, केसासारखी, मध्येच गायब. निरोगी ठिणगी निळी असते आणि तिचा ‘टक्‌ टक्‌’ आवाज येतो. टोपण काढलं तर प्वाइंट, म्हणजे करंट जोडणारी-तोडणारी दोन टोकं, काळे पडलेले, एकावर उंचवटा आणि समोरच्यावर खड्डा.

दोष कंडेन्सरचा होता. प्वाइंट उघडतात त्या क्षणी ठिणगी तिथेच उडून वाया जाऊ नये, कॉइलचा (करंटचा दाब वाढवणाऱ्या वेटोळ्याचा) जोर प्लगपर्यंत पोचावा, हे काम त्या अंगठ्याएवढ्या डबीचं. तिच्या आतलं इन्शुलेशन थकलं की ती गार असताना चालते आणि तापली की दगा देते. म्हणूनच लक्षणं हुबेहूब वाफ धरल्यासारखी. जुन्या स्टॉकमधला कंडेन्सर मिळवला, प्वाइंट नवे घातले, फिलर गेजने ०.४५ मिलिमीटर फट ठेवली. सबंध मे महिन्याच्या उन्हात गाडी एकदाही थांबली नाही.

रोजच्या वापराचं सांगायचं तर १०८९ सीसीचं इंजिन मला लिटरला बारा किलोमीटर देतं. चारी चाकांना ड्रम ब्रेक आहेत. साचलेल्या पाण्यातून बाहेर आल्यावर ब्रेकवर हलका पाय ठेवून थोडं अंतर जावं लागतं, तोवर पुढच्या गाडीपासून लांब राहते. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने जुने रबरी पाइप फुगून मऊ पडले होते. ते सगळे काढून इथेनॉल सोसणारे घातले, आणि दर महिन्याला बोटांनी दाबून बघते.

सुटे भाग ही खरी काळजी. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये बंद झाली आणि त्या टॅक्सींवर चालणारा बाजारही आटत चाललाय. नवा म्हणून मिळालेला एक कंडेन्सर दोन दिवसांत गेला. त्यामुळे डॅशबोर्डच्या खणात प्वाइंट, फिलर गेज आणि पॉलिश पेपरबरोबर जो जादा कंडेन्सर ठेवलाय, तो आधी गाडीला लावून, बोरीचा चढ भर दुपारी दोनदा चढून पाहिलेला आहे.